माळवदावर सहा घागरी

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. घर पाहावं विकत घेऊन, असं मात्र कुणी म्हणून ठेवलेलं नाही. ठेवलं असतं तर सिंधुला निदान एवढा धीर आला असता, की आपल्याआधीही कुणीतरी या फेऱ्यातून गेलेलं आहे.

लातूरचा जिल्हा झाला त्याला चौथं वर्ष लागलं होतं, आणि पावसानं तोंड फिरवलं त्याला तिसरं. जिल्हा झाला म्हणून उस्मानाबादच्या कचेरीतले कारकून फायलींच्या गठ्ठ्यांसकट लातूरला आले. त्यांत सिंधुचा नवरा रामकिशनही होता. कारकुनांमागून साहेब आले, साहेबांमागून वकील आले, आणि ज्या खोल्यांकडं पूर्वी कुत्रं फिरकत नव्हतं त्यांनाही भाव आला. सिंधुची ही चौथी खोली. पहिलीच्या मालकाचा भाचा शिकायला आला, दुसरीच्या मालकाला साहेब भाडेकरू मिळाला, तिसरीची विहीर आटली. चौथीचा मालक सज्जन. त्यानं दोन महिने आधी सांगितलं की अक्षय्यतृतीयेला खोली मोकळी करून द्या. सज्जन माणसानं काढलं काय आणि दुर्जनानं काढलं काय, भांडी बांधायची ती सिंधुलाच.

त्यांची नऊ वर्षांची कावेरी अहमदपूरला आजीकडं होती. दर खोलीमागं शाळा बदलायची, तर पोर शिकणार काय, म्हणून दुसऱ्या खोलीच्या वेळी तिला तिकडं ठेवलं. घर झालं की आणू, असं ठरलं होतं. तेव्हापासून पोर दोन इयत्ता पुढं गेली, दोन दात नवे आले, आणि आई भेटायला गेली की आजीच्या पदराआडून बघायला लागली. सिंधुला हे कुणाला सांगता येत नव्हतं. रामकिशनला सांगितलं असतं तर त्यालाही वाईट वाटलं असतं, आणि दोघांनी वाईट वाटून घेण्याइतकी सवड घरात नव्हती. पण घर घ्यायचं ते त्या पोरीसाठी. जूनच्या शाळेला ती आपल्या दारातून निघाली पाहिजे, एवढं एकच सिंधुच्या डोक्यात होतं.

पहिलं घर बघायला गेली तेव्हा ती ठेवणीतली साडी नेसून गेली होती. बाराव्या घराला ती पिठाचे हात पदराला पुसत गेली.

सुरुवातीला नवराबायकोच जात. भिंती पांढऱ्याफेक असल्या की रामकिशन खूश. अंगणात नळ दिसला की सिंधु खूश. त्या नळाला पाणी येतं का, हे विचारायचं दोघांच्याही ध्यानात येत नसे. तिसऱ्या घराचा इसार द्यायला निघाले होते तेव्हा कचेरीतला शिपाई म्हणाला, "साहेब, बैल घेताना दात बगता, अन् घर घेताना मिस्त्री न्हाई दाखवत?" तेव्हा रामकिशनला गावाकडचे व्यंकटी मिस्त्री आठवले.

व्यंकटी मिस्त्री साठीच्या पुढचे होते. उभा जन्म दुसऱ्यांची घरं बांधून गुडघे कामातून गेलेले, त्यामुळं आता बांधायचं सोडून नुसतं बघायचं काम करत. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात तीन वस्तू असत: एक जुना पैसा, एक काचेची गोटी आणि एक लांब खिळा. गोटी फरशीवर ठेवत. ती गडगडत गेली की जमीन खचली. खिळा चौकटीत टोचत. तो लोण्यात शिरल्यासारखा शिरला की वाळवी. आणि पैसा भेगेत घालून बघत.

भेगांनी सिंधुचा जीव नुसता टांगला होता. त्या उन्हाळ्यात लातुरात भेग नसलेली भिंत नव्हती. पाचव्या घरात ती म्हणाली, "काका, ही भिंत तर तडकलीय की हो!"

"तडकणारच," मिस्त्री म्हणाले. "खाली काळी माती हाय. तीन साल पाणी न्हाई तिला. ती आकसली की भिंत वडती. ही बगा, बारीक, सरळ. पैसा आत जात न्हाई. पाऊस पडला की आपसूक मिटंल. हिला भ्यायचं न्हाई." मग चार पावलं पुढं गेले. "ही मात्र तिरपी हाय. वर रुंद, खाली निमुळती. गेला की न्हाई पैसा? हितला पाया बसला. चला."

ते 'चला' ऐकलं की सिंधु चपला पायांत सरकवी. सहाव्या घरात भिंतीच्या बुडाला लोणा फुटला होता. हात लावला की चुन्याचे पापुद्रे आणि खाली ओली, खारट माती. "ह्यो क्षय हाय भिंतीचा. चला." आठव्या घराची न्हाणी शेजाऱ्याच्या हद्दीत होती. दहाव्यात दरवाजा बंद होईना. लाकूड फुगल्यानं असेल म्हणावं तर फुगायला पाणी कुठंय, असं मिस्त्री म्हणाले आणि चौकटीला दोरीचा ओळंबा सोडून बघितला. चौकट नव्हे, अख्खी भिंतच कलली होती.

एकदा कंटाळून सिंधु म्हणाली, "काका, एक तरी घर धड सापडंल का?"

"सूनबाई, धड घर नसतंच. धड माणूस तरी कुठं दिसून राहिला तुला? दुखणं कोणतं हाय तेवढं कळलं पाहिजे. काही दुखणी घिऊन माणूस नव्वदीला जातं, काही चार दिसांत नेतेत." मग त्यांनी वर बघितलं. "भिंतीचं मी सांगतो. चौकटीचं सांगतो. माळवदाचं मात्र मला कळत न्हाई. दुष्काळात समदी माळवदं सोन्याची."

माळवद म्हणजे मातीचं छप्पर: तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर वीतभर पांढरी माती चोपून बसवलेली. उन्हाळ्यात थंड, थंडीत ऊबदार, आणि पावसाळ्यात ज्याचं त्याचं नशीब. तीन वर्षांत त्यांच्यावर पाणीच पडलेलं नव्हतं. गळक्याचे डाग चुन्याखाली गेले होते. विकणारे सगळे छातीठोकपणे सांगत, थेंब येत नाही. खोटं नव्हतंच ते.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तसं तेरावं घर चन्नबसप्पांचं निघालं. चन्नबसप्पा डाळीच्या अडतीवर बसायचे, आता थकले होते. मुलगा नांदेडला, विष्णुपुरीच्या कॉलेजात नोकरीला होता. त्याच्याकडं जायचं म्हणून घर काढलं होतं. घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधलेलं, पंचवीस वर्षांपूर्वीचं. एका रेषेत तीन खोल्या, पुढं अंगण. मिस्त्रींनी गोटी ठेवली, ती जागची हलली नाही. पैसा एकाही भेगेत गेला नाही. खिळा चौकटीत टोचला तर खिळाच वाकायला आला. मिस्त्री बाहेर आले, जोत्याजवळची माती उकरून बघितली आणि म्हणाले, "काळ्या मातीखाली मुरूम लागलाय. अप्पा, पाया झकास घेतलाय तुमी."

चन्नबसप्पांच्या कपाळावरची विभूती आठ्यांत जरा हलली. त्यांना आवडलं ते.

सिंधु मधल्या खोलीत उभी होती. बारा घरांत जे तिनं एकदाही होऊ दिलं नव्हतं, ते इथं झालं: चूल कुठं, मांडणी कुठं, आणि खिडकीखाली कावेरीचं दप्तर कुठं, हे सगळं तिला दिसायला लागलं. दारात चन्नबसप्पांच्या बायको शरणम्मा उभ्या होत्या.

"चुना कवा दिलाय?" मिस्त्रींनी विचारलं.

"पाडव्याला. दरसाल देतो."

"माळवद?"

"थेंब येत न्हाई," चन्नबसप्पा म्हणाले. मग हसून म्हणाले, "शंका असंल तर पाणी घाला की वर. माझी ना न्हाई. पाणी मातर तुमचं. सा घागरी घाला, धा घाला. पुढच्या सोमवारी उदगीरचं गिऱ्हाईक येऊन राहिलंय, त्याच्या आत काय ते करा. त्याच्या आत आलात तर घर तुमचं, माझा शब्द हाय."

त्या दिवसांत हे म्हणजे तूप ओतून बघा म्हणण्यासारखं होतं. गल्लीत टँकर दिवसाआड येई आणि घरटी चार घागरी मिळत, त्याही भांडून. माळवदावर पाणी ओतणारा माणूस गल्लीनं जिवंत सोडला नसता. रामकिशन ओशाळं हसला. सिंधु मात्र हसली नाही.

"सा घागरीत कळंल, काका?" तिनं वाटेत विचारलं.

"पन्हाळीपशी अन् मधोमध ओतल्या तर कळंल."

"मग घालू."

"येडी झालीस का," रामकिशन म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणायचं ते म्हणू देत. घेतल्यावर गळायला लागलं, तर पुना भांडी बांधून कुठं जायचं?"

त्या आठवड्यात तीन टँकर आले, बारा घागरी झाल्या. त्यांतल्या सहा तिनं झाकून ठेवल्या. दोघं एकेका तांब्यात अंग पुसून घेत. भांडी राखेनं घासून कोरड्या फडक्यानं पुसायची, धुणं तसंच पडलेलं. रामकिशनचा सदरा पाचव्या दिवशी आपोआप उभा राहील असा झाला. शनिवारी शेजारची कोंडाबाई उसना तांब्या मागायला आली आणि झाकलेल्या घागरी समोर असताना सिंधु "न्हाई" म्हणाली. आपण इतक्या कोरड्या झालो, याची तिला त्या दिवशी लाज वाटली.

रविवारी सकाळी हातगाडीवर घागरी ठेवल्या आणि वर गोधडी टाकली. लोकांनी पाणी बघू नये म्हणून गोधडी, आणि गोधडीच्या आत डुचमळतंय ते अख्ख्या गल्लीला ऐकू येत होतं. "कुणाचं लगीन हाय गं?" कोंडाबाईनं ओट्यावरून विचारलं. सिंधुनं मान वर केली नाही.

चन्नबसप्पांनी गोधडी उचलून बघितलं आणि त्यांचं हसू मावळलं. "खरंच आणलं की," ते म्हणाले. पण व्यापारी माणूस. बोललेला शब्द बाजारात असो की अंगणात, मागं घ्यायचा नसतो. त्यांनी स्वतःच शिडी लावली. मिस्त्री गुडघे धरत वर चढले, मागून चन्नबसप्पा. रामकिशन एकेक घागर खांद्यावर घेऊन चढवू लागला.

बायका खाली राहिल्या. शरणम्मांची नुकतीच आंघोळ आणि लिंगपूजा झाली होती. कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे होते. वर जाणाऱ्या घागरींकडं बघून त्या पुटपुटल्या, "अय्यो, किती नितळ पाणी." मग त्या लगबगीनं आत गेल्या. करायला काही नव्हतं म्हणून सिंधुही मागोमाग गेली.

शरणम्मांनी कोपऱ्यातलं पितळी घंगाळ उचललं. मधल्या खोलीत आल्या. ज्वारीचं पोतं पायानं बाजूला सारलं आणि तिथं घंगाळ ठेवलं. वर न बघता ते चार बोटं डावीकडं सरकवलं. मग फडताळातून एक तांब्या काढून भिंतीलगत ठेवला आणि पदर खोचून उभ्या राहिल्या.

वरून मिस्त्रींचा आवाज आला, "समद्या येऊ द्या आधी. एकदम ओतू."

अजून एक थेंबही पडलेला नव्हता.

सिंधु घंगाळाकडं बघत होती. वर तुळईवर चुना कसा कोरा करकरीत होता. शरणम्मांनी तिच्या नजरेकडं बघितलं, मग खाली घंगाळाकडं, मग स्वतःच्या हातांकडं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मावशी," सिंधु हळूच म्हणाली, "हितंच का?"

"पाणी वाया जाऊ ने म्हणून..." एवढंच बोलून त्या थांबल्या. तीन वर्षं थेंबाथेंबाला जपणारे हात त्यांचे. त्यांनी पाणी वाचवायला म्हणून भांडं ठेवलं, आणि घराचं गुपित सांगून टाकलं.

सिंधुला वाटलं होतं, खोटं पकडलं की बरं वाटेल. बरं काही वाटलं नाही. चूल गेली, मांडणी गेली, खिडकीखालचं दप्तर गेलं. ती अंगणात आली आणि ओरडली, "काका, थांबा! वतू नका. वाया जाईल. हितं गळतंय, मावशींनी सांगितलं."

वर मिस्त्रींनी हातातली घागर खाली ठेवली.

"म्या न्हाई सांगितलं हो," शरणम्मा दारातून नवऱ्याला म्हणाल्या आणि उंबऱ्यावर बसल्या. मग सिंधुकडं तोंड करून बोलत राहिल्या. कधीपासून कुणाशी बोलायचं राहिलेलं असावं. "पंधरा पावसाळे काढले बगा हितं. रातच्याला उठून घंगाळ वतायचं, पुना ठेवायचं. हांतरुण हिकडं वढ, धान्य तिकडं वढ. ह्यांचं आपलं एकच, माळवद हाय, गळायचंच. हे तीन सालच काय ती झोप लागली मला. समदी गल्ली महादेवाच्या गाभाऱ्यात पाणी कोंडून राहिली, पाऊस पड म्हणून. अन् म्या सकाळी लिंग हातावर घिऊन काय म्हणते सांगू? एवढ्यात नको येऊ, म्हणते. दुनिया मरून राहिली, अन् म्या असं मागते." त्यांनी तोंडाला पदर लावला. "म्हणून म्हणलं इका घर. सुनंच्या घरात मला कोण इचारतंय, ठावं हाय मला. पण निदान रातभर पडून तर राहीन."

मिस्त्री खाली आले, मागून बाकीचे दोघंही. मिस्त्री मधल्या खोलीत गेले, पोत्यावर चढले, खिळ्यानं तुळईवरचा चुना खरवडला आणि तुळई जिथं भिंतीत शिरते तिथं खिळा टोचला. खिळा बोटभर आत गेला. मग बाहेर येऊन त्यांनी पन्हाळ बघितली, पुन्हा आत गेले.

"ही एकच बाभळीची हाय," ते म्हणाले. "बाकी समद्या सागवानी. कुणी बसवली?"

चन्नबसप्पा भिंतीकडं बघत म्हणाले, "म्याच. एक कमी पडली होती तवा."

"अन् पन्हाळ चढाला हाय. पाणी जाणार कुठं? तुळईच्या टोकापशी साचतं, तितंच मुरतं. टोक कुजलं, फळी दबली, मातीत खळगा झाला." मिस्त्री गुडघे चोळत सिंधुला म्हणाले, "हे मरणाचं दुखणं न्हाई, सूनबाई. एक तुळई बदलायची, पन्हाळ पल्याड घ्यायची, वरची माती काढून नवी चोपायची. पंधरा दिसांचं काम. बाकी घर लाखात एक हाय. आजवर बघितलेल्या घरांत ह्येच घ्या म्हणून सांगतो."

रामकिशननं सुटकेचा श्वास सोडला. सिंधुनं मनात दिवस मोजले. पंधरा दिवस. अक्षय्यतृतीयेला वीस होते.

"पंधरा दिसांचं?" शरणम्मा उंबऱ्यावरून म्हणाल्या.

त्या नवऱ्याकडं वळल्या.

"अवं, पंधरा दिसांचं काम व्हतं? पंधरा पावसाळे म्या घंगाळ वतलं, अन् पंधरा दिसांचं काम व्हतं?"

चन्नबसप्पांनी घसा साफ केला. "एक तुळई बदलायची म्हंजे समदं उकलावं लागंल, असं वाटलं मला." चारचौघांत पाया झकास म्हणून ऐकणारा माणूस. आपल्या हातून एक तुळई हलकी बसली हे मिस्त्रीला बोलावून दाखवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, आणि तेवढ्यासाठी बाई पंधरा वर्षं रात्रीची उठत होती.

शरणम्मा उठल्या. "मग म्या कशाला चालले हितनं? घर तर चांगलं हाय म्हणतेत."

"शब्द दिलाय म्या ह्यांना," चन्नबसप्पा म्हणाले. "त्यांनी पाणी आणलं. आता माघार न्हाई."

त्यांचं म्हणणं खरं होतं. शब्द होता, आणि तो मोडणारा हा माणूस नव्हता. शरणम्मांनी नवऱ्याशी वाद घातला नाही. त्या सरळ सिंधुसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, तुमी सांगा. तुमी माझ्या जागी असत्या, तर दिलं असतं घर?"

रामकिशननं मागून नुसतं खाकरून बघितलं. सिंधुला काही फार बोलायचं नव्हतं. शब्द म्हणजे शब्द, एवढं म्हटलं की झालं. किंवा काहीच न बोलता खाली बघितलं तरी झालं. जूनला पोर या दारातून शाळेला निघाली असती. चार खोल्या, बारा घरं, सहा दिवस न धुतलेले कपडे, सगळ्याचं चीज झालं असतं. हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. पण बारा घरांत ती एवढंच मागत फिरली होती, की कुणीतरी एकदा खरं सांगा. आता कुणीतरी तिलाच विचारत होतं.

"न्हाई," सिंधु म्हणाली. "दिलं नसतं."

चन्नबसप्पांनी मान खाली घातली. मग ते स्वतःच शिडी चढले आणि घागरी खाली द्यायला लागले. मिस्त्रींना त्यांनी उद्या सकाळी तुळई बदलायला येता का म्हणून विचारलं, तेही हळूच.

परतताना रामकिशन गाडी ढकलत होता. मिस्त्री मागं राहिले, गुडघ्यांमुळं की काय कोण जाणे. रागवावं की नाही हे बाजाराच्या वळणापर्यंत रामकिशनचं ठरत नव्हतं, आणि रागवायला लागणारं बळही त्याच्यात दिसत नव्हतं.

"कावेरीला काय कळवू?" तो शेवटी म्हणाला.

सिंधुनं घागरींवरची गोधडी सारखी केली.

"आजीला कळवा, यंदा तिकडंच तिचं नाव घाला म्हणावं," ती म्हणाली, आणि मग भर रस्त्यात तिला रडू फुटलं.